अक्षरामागचे चिन्ह : असमता सोडवताना घ्यावयाची काळजी

दोन राशींपैकी कोणती लहान आणि कोणती मोठी हे सांगणाऱ्या विधानाला बीजगणितात असमता म्हणतात. समीकरणाच्या दोन्ही बाजूंवर जी क्रिया निर्धास्तपणे करता येते, तीच असमतेवर करताना थांबून एक प्रश्न विचारावा लागतो. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना शून्याखेरीज कोणत्याही संख्येने गुणले तरी समानता टिकते आणि ती संख्या धन आहे की ऋण याची विचारपूसही करावी लागत नाही. असमतेत मात्र गुणणारी संख्या धन असेल तर असमतेची दिशा टिकते, ऋण असेल तर ती उलटते, आणि ती संख्या क्ष किंवा य अशा अक्षराने दर्शवलेली असून तिचे चिन्ह दिलेले नसेल, तर दिशेविषयी काहीच ठामपणे सांगता येत नाही. महाविद्यालयीन गणितात, तसेच कॅट आणि जीमॅट यांसारख्या प्रवेश परीक्षांत, विद्यार्थी सर्व आकडेमोड बिनचूक करूनही चुकीच्या उत्तरापाशी पोहोचतो, तेव्हा चिन्हाचा हा प्रश्न विचारायचा राहून गेला आहे का हे आधी पाहावे.

ऋण संख्येने गुणले की दिशा उलटते हा नियम बहुतेकांना पाठ असतो, पण त्यामागचे कारण माहीत असेल तर पुढच्या अनेक नियमांची घोकंपट्टी टळते. अ < ब या लेखनाचा अर्थ ब − अ ही वजाबाकी धन आहे एवढाच आहे. (< आणि > ही चिन्हे थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ साली, छापल्या गेलेल्या त्याच्या बीजगणितावरील ग्रंथातून प्रथम प्रचारात आली.) दोन्ही बाजूंना क या संख्येने गुणल्यावर नवी वजाबाकी कब − कअ, म्हणजेच क(ब − अ), अशी होते. ब − अ धन असल्याचे आधीच ठाऊक असल्यामुळे या गुणाकाराचे चिन्ह सर्वस्वी क या संख्येच्या चिन्हावर ठरते. संख्यारेषेवर पाहिले तर −१ ने गुणणे म्हणजे संपूर्ण रेषा शून्याभोवती फिरवून उजवे डावे करणे होय. ५ ही संख्या २ पेक्षा शून्यापासून उजवीकडे जितकी अधिक दूर होती, तितकीच −५ ही संख्या −२ पेक्षा डावीकडे अधिक दूर जाते, म्हणून २ < ५ असले तरी −२ > −५ होते. कोणत्याही असमतेविषयी शंका आली की वजाबाकी करून तिचे चिन्ह तपासावे, ही एकच सवय या लेखातील बाकीच्या सर्व गोष्टींचा पाया आहे.

ज्या राशीची किंमत बदलू शकते आणि जी अक्षराने दर्शवली जाते तिला चल म्हणतात. चलाच्या लेखनात एक फसवी गोष्ट दडलेली असते, ती अशी की अक्षरापूर्वी लिहिलेले चिन्ह आणि त्या अक्षरामागच्या संख्येचे चिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मधील ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य यांच्या गणिताचे नियम सांगितले होते. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० साली पूर्ण झालेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या एका भागात, ऋण राशी दाखवण्यासाठी अंकावर टिंब देण्याची रीत आहे आणि अज्ञात राशीसाठी यावत्तावत् या शब्दाचे ‘या’ हे आद्याक्षर वापरलेले आहे. या रीतीने लिहिलेल्या ‘या’ पुढील ३ वर टिंब असले, तर अज्ञात राशीची तिप्पट वजा करायची आहे एवढेच त्यातून कळते. ती अज्ञात राशी स्वतः धन आहे की ऋण हे टिंब सांगत नाही. आजच्या −३क्ष या लेखनाचेही तसेच आहे. क्षची किंमत −७ असेल तर −क्ष म्हणजे ७ होतो, म्हणून −क्ष दिसताच ती राशी ऋण धरणे आणि नुसता क्ष दिसताच ती धन धरणे या दोन्ही सवयी सारख्याच घातक आहेत. केवल मूल्याच्या व्याख्येत, म्हणजे संख्येचे शून्यापासूनचे अंतर सांगणाऱ्या |क्ष| या राशीच्या व्याख्येत, क्ष ऋण असताना |क्ष| = −क्ष असे लिहिले जाते आणि ‘अंतर ऋण कसे?’ अशी शंका नवख्या विद्यार्थ्याला हमखास येते. क्ष स्वतःच ऋण असल्याने −क्ष ही धन संख्या आहे, हे मनात बसले की ती शंका उरत नाही.

आता ३/क्ष < २ ही साधी दिसणारी असमता घ्यावी. घाईघाईने दोन्ही बाजूंना क्षने गुणले तर ३ < २क्ष आणि त्यावरून क्ष > ३/२ असे उत्तर येते. पण क्ष = −१ घेतल्यास डावी बाजू −३ होते, ती २ पेक्षा लहानच आहे, म्हणजे −१ ही संख्या असमतेचे समाधान करीत असूनही उत्तरात आलेली नाही. गुणताना क्ष धन आहे असे न सांगता गृहीत धरले गेले आणि त्यासरशी सगळ्या ऋण संख्या हिशेबातून बाहेर पडल्या. ही असमता नीट सोडवण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत शक्यतांच्या विभागणीची. क्ष धन असेल तर दिशा टिकते आणि क्ष > ३/२ मिळते. क्ष ऋण असेल तर दिशा उलटून ३ > २क्ष, म्हणजे क्ष < ३/२ मिळते, आणि येथेच दुसरा खड्डा असतो, कारण हा निष्कर्ष क्ष ऋण आहे या अटीखालीच काढलेला आहे. म्हणून या शक्यतेतून क्ष < ३/२ आणि क्ष < ० या दोन्ही अटी एकदम पाळणाऱ्या संख्याच घ्याव्या लागतात, आणि त्या म्हणजे सर्व ऋण संख्या होत. ज्या विद्यार्थ्याला ही अट मध्येच विसरायला होते तो क्ष < ३/२ असे लिहून मोकळा होतो आणि त्याच्या उत्तरात १ सारखी संख्या शिरते, जिच्यासाठी ३ < २ असे उघड चुकीचे विधान तयार होते. प्रत्येक शक्यतेच्या आत अटी ‘आणि’ने जोडायच्या आणि शेवटी निरनिराळ्या शक्यतांची उत्तरे ‘किंवा’ने जोडायची, हा क्रम मोडला की सारी मेहनत वाया जाते. येथे अंतिम उत्तर क्ष < ० किंवा क्ष > ३/२ असे येते.

दुसरी रीत वर्गाने गुणण्याची. शून्येतर वास्तव संख्येचा वर्ग नेहमी धन असल्यामुळे दोन्ही बाजूंना क्ष² ने गुणण्यास कोणतीच हरकत नाही. त्यावरून ३क्ष < २क्ष², म्हणजेच क्ष(२क्ष − ३) > ० असे मिळते, आणि दोन अवयवांचा गुणाकार धन असण्यासाठी दोन्ही एकाच चिन्हाचे असावे लागत असल्याने पुन्हा तेच उत्तर येते. तिसऱ्या रीतीत काहीही न गुणता सर्व पदे एका बाजूला आणली जातात : ३/क्ष − २ < ०, म्हणजे (३ − २क्ष)/क्ष < ०, आणि मग अंश व छेद यांची चिन्हे तपासली जातात. यांपैकी पहिली रीत सर्वांत पारदर्शक असल्यामुळे शिकताना तीच आधी वापरावी. दुसरी चटकदार असली तरी छेदात दोन-तीन अवयव असतील तर घात फार वाढतात. तिसरी रीत कितीही अवयव असले तरी त्याच सहजतेने चालते, म्हणून अखेरीस हात तिच्यावरच बसलेला असणे श्रेयस्कर. तिच्यात चिन्हाचा प्रश्न टाळला जात नाही, फक्त तो सर्व अवयव डोळ्यांसमोर मांडले जाईपर्यंत पुढे ढकलला जातो.

या तिसऱ्या रीतीचे पूर्ण रूप पाहण्यासाठी (क्ष − १)(क्ष + २)/(क्ष − ४) ≥ ० ही असमता योग्य आहे. येथे प्रत्येक अवयवाचे चिन्ह एकेकाच ठिकाणी बदलते, आणि ती ठिकाणे −२, १ व ४ ही आहेत. त्यांमुळे संख्यारेषेचे चार भाग पडतात आणि एका भागाच्या आत कोणत्याच अवयवाचे चिन्ह बदलत नसल्यामुळे संपूर्ण राशीचे चिन्हही तेथे एकच राहते. क्ष > ४ असताना तिन्ही अवयव धन असल्याने राशी धन असते. तेथून डावीकडे सरकताना ४ ओलांडले की एक अवयव ऋण होऊन राशी ऋण होते, १ ओलांडल्यावर दोन अवयव ऋण होऊन ती पुन्हा धन होते आणि −२ ओलांडल्यावर तिन्ही ऋण होऊन ती ऋण होते. म्हणून उत्तर −२ ≤ क्ष ≤ १ किंवा क्ष > ४ असे येते. यात −२ आणि १ या सीमा धरल्या आहेत, कारण तेथे राशी शून्य होते व शून्य चालणार आहे. ४ मात्र वगळला आहे, कारण तेथे छेद शून्य होतो आणि त्या राशीला अर्थच उरत नाही. चिन्हे आळीपाळीने बदलतात हे पाहून काही विद्यार्थी अवयवांकडे न बघताच धन, ऋण, धन, ऋण असे लिहीत जातात, पण घात सम असलेल्या अवयवाशी ही युक्ती फसते. (क्ष − १)²(क्ष − ३) ≥ ० मध्ये १ ओलांडताना चिन्ह बदलत नाही, कारण वर्ग दोन्हीकडे धनच असतो. येथे उत्तर क्ष ≥ ३ एवढेच नसून क्ष = १ ही एकटी पडलेली संख्याही त्यात येते, आणि परीक्षेत हा एकटा बिंदू फार वेळा हरवतो. एखादा अवयव २ − क्ष अशा उलट्या क्रमाने असेल, तर चिन्हे तपासण्यापूर्वीच संपूर्ण असमतेला −१ ने गुणून व दिशा उलटवून तो क्ष − २ असा करून घ्यावा.

चलाने भागण्याची चूकही याच जातीची आहे, आणि ती अधिक सफाईने लपते, कारण दोन्ही बाजूंतील समान अवयव काढून टाकण्याची सवय समीकरणांपासून लागलेली असते. क्ष² > क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्षने भागून क्ष > १ लिहिले की पुन्हा सर्व ऋण संख्या गळतात, वास्तविक क्ष(क्ष − १) > ० वरून क्ष < ० किंवा क्ष > १ असे उत्तर येते. क्ष³ आणि क्ष यांची तुलना याहून बोधप्रद आहे. त्यांची वजाबाकी क्ष(क्ष − १)(क्ष + १) अशी असल्याने −१, ० आणि १ ही तीन ठिकाणे मिळतात. क्ष > १ असताना घन मोठा, ० आणि १ यांच्या दरम्यान घन लहान, −१ आणि ० यांच्या दरम्यान पुन्हा मोठा आणि −१ च्या डावीकडे लहान, असा क्रम लागतो. −१/२ चा घन −१/८ आहे आणि तो −१/२ पेक्षा मोठा आहे, हे एकदा संख्यारेषेवर पाहून घ्यावे, कारण ‘घन केल्यावर अपूर्णांक लहान होतो’ हे अर्धवट लक्षात राहिलेले वाक्य ऋण बाजूला उलटे पडते. असमता नुसती पडताळायची असेल तेव्हा −२, −१, −१/२, ०, १/२, १ आणि २ या सात संख्या घालून पाहाव्यात, असा सल्ला अनुभवी शिक्षक देतात, त्याचे कारण या चार पट्ट्यांतच आहे : घातांची तुलना करताना वागणूक नेमकी −१, ० आणि १ यांपाशी बदलते.

क्ष + १/क्ष ≥ २ हे सूत्र अनेकांच्या ओठांवर असते, आणि क्ष धन असण्याची अट मात्र त्याच्यापासून तुटून पडलेली असते. वजाबाकी केली तर क्ष + १/क्ष − २ = (क्ष − १)²/क्ष असे रूप मिळते. अंशातील वर्ग कधीच ऋण नसल्यामुळे सर्व निर्णय छेदातील क्षच्या हाती जातो, म्हणून क्ष ऋण असताना ही राशी २ पेक्षा लहान असते. इतकेच नव्हे, तर क्षच्या जागी −क्ष घालून विचार केल्यास ऋण क्षसाठी क्ष + १/क्ष ≤ −२ हे निघते. दोन संख्यांची सरासरी त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळापेक्षा कमी नसते या प्रसिद्ध नियमाचे हे एक विशेष रूप आहे, आणि तो नियमही ऋण नसलेल्या संख्यांपुरताच आहे. प्रश्नात अट नसताना तो लावणे म्हणजे आपल्या सोयीची अट प्रश्नात स्वतःच घालणे होय.

व्यस्त घेण्याचा नियमही असाच अर्धा लक्षात राहतो. मोठ्या संख्येचा व्यस्त लहान असतो हे दोन्ही संख्या एकाच चिन्हाच्या असतील तेव्हाच खरे आहे. −२ < ३ आहे आणि व्यस्त घेतल्यावरही −१/२ < १/३ अशीच दिशा राहते. १/अ − १/ब = (ब − अ)/अब हे रूप लिहिले की कारण समोर येते : अ < ब असताना अंश धन आहे, आणि दिशा उलटणे अब या गुणाकाराचे चिन्ह धन असण्यावर अवलंबून आहे. क्ष/य > १ दिले असता क्ष > य असा निष्कर्ष काढणे ही दिलेली माहिती पुरेशी आहे का, असे विचारणाऱ्या प्रश्नांतील ठरलेली चूक आहे. −६ ला −२ ने भागल्यास ३ येतात, ते १ पेक्षा मोठे आहेत, परंतु −६ ही संख्या −२ पेक्षा लहान आहे. (क्ष − य)/य > ० असे रूप केल्यावर दिसते की दिलेल्या माहितीतून क्ष − य आणि य यांची चिन्हे सारखी आहेत एवढेच कळते. त्या जोडीला य > ० हे दिले असेल तर क्ष > य ठरते. त्याऐवजी क्ष > ० दिले असेल तरीही काम भागते, कारण भागाकार धन असल्याने य आपोआप धन ठरतो. दोन्ही चलांची चिन्हे स्वतंत्रपणे सांगितलेली नाहीत म्हणून माहिती अपुरी आहे असे म्हणणारा विद्यार्थी येथे गुण गमावतो.

वर्ग करणे ही क्रिया गुणण्यापेक्षाही जपून करावी लागते, कारण वर्ग चिन्ह पुसून टाकतो आणि पुसलेले चिन्ह मागाहून परत मिळत नाही. भास्कराचार्यांनी बीजगणितात दिलेले वानरांचे उदाहरण या दृष्टीने आजही वाचण्यासारखे आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग केला असता येईल तितके वानर गुहेत गेले आणि एक झाडावर चढलेला दिसला, तर एकूण वानर किती, असा तो प्रश्न आहे. (क्ष/५ − ३)² + १ = क्ष या समीकरणाची ५० आणि ५ अशी दोन मुळे निघतात आणि दोन्ही समीकरणात चपखल बसतात. तरीही भास्कराचार्य दुसरे उत्तर स्वीकारत नाहीत, कारण पाचांचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेल्यावर ऋण राशी येते आणि ऋण संख्येच्या वानरांवर लोकांची प्रतीती बसत नाही, असे कारण ते देतात. कंसातली राशी ऋण होती ही गोष्ट वर्ग केल्यावर समीकरणातून नाहीशी झाली, ती प्रश्नाच्या मूळ शब्दांकडे परतल्यावरच पुन्हा दिसली. वर्ग केलेल्या प्रत्येक असमतेत हाच धोका असतो.

अ < ब असताना अ² < ब² होईल का, हे ब² − अ² = (ब − अ)(ब + अ) या अवयवांवरून ठरते. पहिला अवयव धन असल्यामुळे निर्णय अ + ब या बेरजेचे चिन्ह करते, आणि ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत मिळते त्याहून अधिक ठळक जागा मिळण्याच्या योग्यतेची आहे. −१ < ३ मध्ये बेरीज धन असल्याने १ < ९ हेही खरे राहते, तर −५ < ३ मध्ये बेरीज ऋण असल्याने दिशा उलटून २५ > ९ होते. घनाच्या बाबतीत अशी कोणतीच अडचण येत नाही. ब³ − अ³ मधील दुसरा अवयव अ² + अब + ब² असा आहे, तो (अ + ब/२)² + ३ब²/४ असा मांडता येतो, म्हणून अ आणि ब दोन्ही शून्य असल्याखेरीज तो धनच राहतो, आणि त्यामुळे असमतेच्या दोन्ही बाजूंचा घन केव्हाही करता येतो.

वर्गमूळ असलेल्या असमतेत ही काळजी प्रत्यक्ष कशी घ्यावयाची हे √(क्ष + ६) > क्ष या उदाहरणात दिसते. सरळ वर्ग करून क्ष + ६ > क्ष² आणि त्यावरून (क्ष − ३)(क्ष + २) < ०, म्हणजे −२ < क्ष < ३ असे लिहिले, तर −५ ही संख्या बाहेर राहते, वास्तविक तिच्यासाठी डावी बाजू १ आणि उजवी −५ असल्याने असमता खरी आहे. उजव्या बाजूचे चिन्ह माहीत नसताना वर्ग केला, हेच येथे चुकले. वर्गमूळाच्या आतली राशी ऋण नसावी म्हणून क्ष ≥ −६ ही अट आधी लिहून ठेवावी. मग क्ष ऋण असताना डावी बाजू शून्य किंवा धन आणि उजवी ऋण असल्याने −६ ≤ क्ष < ० मधील प्रत्येक संख्या वर्ग न करताच उत्तरात येते. क्ष ≥ ० असताना दोन्ही बाजू ऋण नसल्याने वर्ग करण्यास मुभा आहे आणि ० ≤ क्ष < ३ मिळते. दोन्ही शक्यता जोडल्यावर उत्तर −६ ≤ क्ष < ३ असे होते. याउलट क्ष² > ९ वरून वर्गमूळ घेताना √क्ष² म्हणजे क्ष नसून |क्ष| आहे हे लक्षात ठेवावे, म्हणजे क्ष > ३ च्या जोडीला क्ष < −३ हे अर्धे उत्तर सुटत नाही.

दोन असमता एकत्र करतानाही चिन्ह आड येते. एकाच दिशेच्या असमतांची बेरीज केव्हाही चालते. गुणाकाराला मात्र चारही राशी धन असण्याची हमी लागते. २ > −३ आणि १ > −४ या दोन्ही खऱ्या असमता असून गुणाकारात २ आणि १२ समोरासमोर येतात व दिशा उलटते. −३ ≤ क्ष ≤ २ आणि −५ ≤ य ≤ ४ असे दिले असता क्षय या गुणाकाराची मर्यादा विचारली, तर लहानाला लहानाने आणि मोठ्याला मोठ्याने गुणून १५ ते ८ असे विचित्र उत्तर येते. योग्य रीत म्हणजे सीमांचे चारही गुणाकार, म्हणजे १५, −१२, −१० आणि ८, काढून त्यांतील सर्वांत लहान व सर्वांत मोठा घेणे, म्हणून मर्यादा −१२ ते १५ ठरते. क्ष² साठी मात्र हीच रीत लावू नये, कारण तेथे गुणणारी आणि गुणली जाणारी संख्या एकच असते आणि ती शून्यातूनही जाते, म्हणून क्ष² ची मर्यादा ० ते ९ आहे, ४ ते ९ नव्हे.

इतकी सावधगिरी सांगितल्यावर तिच्या दुसऱ्या टोकाविषयीही बोलणे आवश्यक आहे, कारण काही विद्यार्थी घाबरून कोणत्याच अक्षरी राशीने गुणायला धजत नाहीत. ज्या राशीचे चिन्ह निश्चित आहे तिने खुशाल गुणावे. क्ष² + १ नेहमी धन असते. क्ष² + क्ष + १ हीसुद्धा (क्ष + १/२)² + ३/४ अशी मांडता येत असल्याने नेहमी धन असते, म्हणून (२क्ष − ५)/(क्ष² + क्ष + १) < ० मधील छेद सरळ काढून क्ष < ५/२ लिहिता येते. शाब्दिक उदाहरणात लांबी, वजन किंवा माणसांची संख्या असे चल असेल तर ते धन असल्याची माहिती प्रश्नाच्या अर्थातच असते. तापमान, विस्थापन किंवा नफा-तोटा यांबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. याउलट कधीकधी अक्षर नसलेली, पूर्णपणे माहीत असलेली संख्याच फसवते. (१/२) चा न वा घात १/१००० पेक्षा लहान केव्हा होईल हे लॉगरिदमने काढताना शेवटी log (१/२) ने भागावे लागते, आणि १/२ हा १ पेक्षा लहान असल्याने त्याचा लॉगरिदम ऋण असतो. दिशा न उलटवणाऱ्याला न सुमारे १० पेक्षा लहान असावा असे उत्तर मिळते, प्रत्यक्षात २ चा दहावा घात १०२४ असल्याने पूर्णांकांत न ≥ १० हे योग्य उत्तर आहे.

सर्वांत अधिक दक्षता लागते ती सहगुणकच अक्षरी असताना. चलाला गुणणाऱ्या संख्येला सहगुणक म्हणतात, आणि अक्ष > ब या असमतेत अची किंमत दिलेली नसेल तर दोन नव्हे, तीन शक्यता तपासाव्या लागतात. अ धन असेल तर क्ष > ब/अ, ऋण असेल तर क्ष < ब/अ, आणि अ शून्य असेल तर क्ष असमतेतून निघूनच जातो आणि ० > ब एवढेच विधान उरते, जे ब ऋण असताना प्रत्येक क्षसाठी खरे आणि एरवी कोणत्याही क्षसाठी खोटे असते. धन-ऋणाच्या गडबडीत शून्य ही तिसरी शक्यता विसरली जाते, म्हणून उत्तरपत्रिकेत तीच आधी लिहावी. (म − २)क्ष > म² − ४ मध्ये उजव्या बाजूचे (म − २)(म + २) असे अवयव पडतात; म > २ असल्यास क्ष > म + २, म < २ असल्यास क्ष < म + २ मिळते, आणि म = २ असल्यास ० > ० असे विधान उरत असल्याने असमतेला उकल नसते.

उत्तर मिळाल्यावर पडताळणी नेहमी मूळ असमतेत करावी, मधल्या एखाद्या पायरीत नव्हे, कारण चूक मधल्या पायरीत शिरलेली असेल तर ती त्याच पायरीत सापडत नाही. उत्तरातील प्रत्येक पट्ट्यातून एक, उत्तराबाहेरील प्रत्येक पट्ट्यातून एक आणि प्रत्येक सीमाबिंदू इतक्या संख्या घालून पाहण्यास दोन-तीन मिनिटे पुरतात. बाहेरच्या संख्या तपासणे आतल्यांइतकेच गरजेचे आहे. ३/क्ष < २ चे क्ष > ३/२ हे अपुरे उत्तर आतून तपासले तर निर्दोष वाटते, कारण २, ३, १० यांपैकी कोणतीही संख्या घातली तरी असमता खरीच ठरते. बाहेरची −१ घातल्यावरच त्यातली उणीव उघड होते.